डेझर्ट युनिफॉर्मवरचा पॅच ओरिजिनल आहे का, हे शिवणीवरून कसं ओळखायचं

मुंबईत जुना मिलिटरी माल जमवणारे आता बरेच झालेत आणि त्यातल्या नवीन पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हा पॅच ओरिजिनल आहे का? प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच आहे. कारण पॅच शंभर टक्के ओरिजिनल असू शकतो, ज्या शर्टावर तो शिवलाय तो शर्टही ओरिजिनल असू शकतो, आणि तरीसुद्धा ते दोघं मागच्याच महिन्यात कुठल्यातरी शिलाई मशीनवर पहिल्यांदा एकत्र आलेले असू शकतात. मग तो युनिफॉर्म कुणा एका सैनिकाचा राहत नाही, दोन सुट्या वस्तू जोडून केलेला नग होतो. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, पॅचकडे नंतर बघा, आधी टीप बघा. धागा, सुईची भोकं, पॅचखालचं कापड आणि बाहीची आतली बाजू. पॅचची नक्कल करणं सोपं आहे, वीस वर्षं अंगावर राहिलेल्या शिवणीची नक्कल करणं फार अवघड आहे.

इथे अमेरिकन आर्मीच्या वाळवंटी युनिफॉर्मबद्दल जास्त बोलतो कारण आपल्याकडे तोच जास्त दिसतो, शेवटी शेवटी थोडं दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या पलटणींच्या खाकीबद्दलही सांगणार आहे, कारण तो माल आपल्याच घरांमधून निघतो.

आधी माल कुठून येतो ते डोक्यात ठेवा. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला किंवा शुक्रवारी भल्या पहाटे भरणाऱ्या जुम्मा बाजारात जे जॅकेट तुमच्या हातात येतं ते साधारण तीन वाटांनी आलेलं असतं. एक म्हणजे जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून, दुसरी म्हणजे आखातात नोकरी करून परत आलेल्या माणसांच्या सामानातून, आणि तिसरी वाट खास मुंबईची, ती म्हणजे शूटिंगचे कपडे. सिनेमा, सिरियल, जाहिरात, कुठेतरी कमांडो दाखवायचे असतात, तेव्हा ड्रेसवाले ओरिजिनल जॅकेटवर हाताला लागतील ते पॅच शिवून देतात, शूटिंग संपलं की काही वर्षांनी तो लॉट भंगारात निघतो आणि फुटपाथवर येतो. यात कुणी कुणाला फसवायला बसलेलं नसतं, पण विकणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं की हे पडद्यासाठी शिवलेलं आहे, तो मनापासून सांगतो "भाई असली अमेरिकन माल है". त्याच्या बोलण्यावर चिडू नका आणि विश्वासही ठेवू नका, बाही उलटी करून बघा.

आता कापड. अमेरिकन डेझर्टचे दोन मुख्य प्रकार. पहिला सहा रंगांचा, ज्याला सगळे चॉकलेट चिप म्हणतात, वाळूच्या रंगावर तपकिरी पट्टे आणि त्यावर पांढरी कड असलेले छोटे काळे ठिपके, खडकाळ वाळवंटातले दगड आणि त्यांची सावली दिसावी म्हणून ते ठिपके. हा ८०च्या दशकात वापरात आला आणि १९९०-९१च्या आखाती युद्धात टीव्हीवर जगभर दिसला. पण कुवेत-सौदीकडचं वाळवंट सपाट, तिथे ते दगडाचे ठिपके उलट उठून दिसायचे, म्हणून मग तीन रंगांचा आला, फिकट वाळू, फिकट हिरवट आणि तपकिरी, ठिपके नाहीत, त्याला लोक कॉफी स्टेन म्हणतात. १९९३ला सोमालियात मोगादिशूच्या लढाईत रेंजर्सच्या, म्हणजे अमेरिकन आर्मीच्या कमांडोंच्या, अंगावर हाच होता, २००३ला इराकमध्ये घुसताना हाच, आणि २००५पासून डिजिटल पॅटर्नचा नवा युनिफॉर्म यायला लागला, त्यानंतर आर्मीने हा २००८पर्यंत बंद केला. ही वर्षं पाठ करा, कारण अर्धे खोटे नग इथेच पकडले जातात, भिंग काढायचीही गरज पडत नाही.

आतलं लेबल वाचायला शिका. सरकारी माल असेल तर लेबलवर कॉन्ट्रॅक्ट नंबर असतो, सुरुवात डीएलए१०० अशी आणि त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे कॉन्ट्रॅक्टचं वर्ष. डीएलए१०० पुढे ९० असेल तर १९९०चं कॉन्ट्रॅक्ट. नव्वदच्या मध्यापासून पुढे सुरुवात एसपीओ१०० अशी व्हायला लागली, तिथेही पुढचे दोन आकडे वर्षाचेच. शिवाय ८४१५ने सुरू होणारा लांबलचक स्टॉक नंबर असतो. अमेरिकेत १९४१पासूनचा कायदा आहे की सैन्याचं कापड आणि कपडे देशातच बनलेले घ्यायचे, त्यामुळे लेबलवर चीन किंवा कोरिया दिसलं तर तो बाजारात विकायला बनवलेला शर्ट आहे, सैन्याला दिलेला नाही, मग त्यावरचा पॅच कितीही जुना असो. लेबल कापलेलं असेल तर लगेच खोटं म्हणू नका, बरेच सैनिक मानेला टोचतं म्हणून काढून टाकायचे, पण मग बाकीच्या तपासण्या दुप्पट कडक करा.

आता पॅचचा रंग, आणि इथे नवीन माणूस उलटा फसतो. तीन रंगांच्या युनिफॉर्मवर पॅच वाळूच्या रंगावर तपकिरी धाग्याचे असतात, नेमटेपही (छातीवरची आडनावाची पट्टी) तशीच, म्हणून लोकांना वाटतं की डेझर्ट म्हणजे तपकिरी पॅच आणि हिरवा-काळा पॅच दिसला की तो जंगलाच्या युनिफॉर्मवरून काढून लावला. पण १९९०-९१ला पलटणी इतक्या घाईत हलवल्या गेल्या होत्या की बऱ्याच जणांच्या चॉकलेट चिपवर हिरवे-काळेच पॅच होते, आणि कितीतरी जणांच्या बाहीवर काहीच नव्हतं. म्हणजे चॉकलेट चिपवर हिरवा पॅच हे शंकेचं कारण अजिबात नाही, माझ्या मते तो उलट जास्त पटण्यासारखा आहे. आणि चॉकलेट चिपवर जर खांदा, छाती, कॉलर सगळीकडे एकसारखा तपकिरी सेट, सगळा एकाच शेडचा, सगळा एकाच धाग्याने बसवलेला दिसला तर मात्र थांबा. सौदीतल्या टेलरांनी त्या काळात तपकिरी पॅच बनवून दिलेत, त्यामुळे अशक्य नाहीये, पण सेट जितका देखणा तितकी तपासणी जास्त.

जागा. आर्मीमध्ये डाव्या खांद्यावर आत्ता ज्या युनिटमध्ये आहे त्याचा पॅच आणि उजव्या खांद्यावर ज्या युनिटबरोबर युद्धात होता त्याचा, ज्याला सगळे कॉम्बॅट पॅच म्हणतात. खांद्याच्या शिवणीपासून अर्धा इंच खाली. एअरबोर्न (पॅराशूटने उतरणारे) किंवा रेंजरची छोटी पट्टी पॅचच्या वर, बाजूला नाही, खाली तर नाहीच. झेंडा उजव्या बाहीवर आणि तो उलटा असतो, म्हणजे ताऱ्यांचा चौकोन छातीच्या दिशेला, जसा माणूस पुढे पळतोय आणि झेंडा मागे फडकतोय. उजव्या बाहीवर सरळ झेंडा, तारे पाठीकडे, ही बऱ्याचदा शूटिंगवाल्या कपड्यांची खूण असते, ड्रेसवाला दुकानात मिळणारा साधा झेंडा आणून लावतो. छातीवर घालणाऱ्याच्या उजव्या खिशाच्या वर आडनाव, डाव्या खिशाच्या वर यू.एस. आर्मी, आणि टेपची लांबी खिशाच्या रुंदीइतकी, टोकं आत दुमडलेली. टोकं नुसती कापून ठेवलेली, धागे सुटलेले दिसले तर ते घाईचं काम आहे.

हा डावा-उजवा भाग नीट समजून घेतला की तारखा बोलायला लागतात. उदाहरण देतो. अमेरिकन आर्मीची सेव्हन्थ कोअर आणि थर्ड आर्मर्ड (रणगाड्यांची) डिव्हिजन, दोन्ही आखाती युद्धात होत्या आणि दोन्ही १९९२ला बंद झाल्या. आता समजा लेबलवर २००२चं कॉन्ट्रॅक्ट आहे आणि डाव्या खांद्यावर थर्ड आर्मर्डचा त्रिकोणी पॅच आहे, तर ते होऊच शकत नाही, दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या डिव्हिजनमध्ये कुणी आत्ता कसा असेल? पण तोच पॅच उजव्या खांद्यावर असेल तर एकदम बरोबर, १९९१ला तरुण म्हणून लढलेला माणूस २००३ला सीनियर सार्जंट म्हणून पुन्हा तिथे गेला. असा शर्ट हातात आला तर मला आनंद होतो कारण खोटं बनवणारा इतका विचार सहसा करत नाही. छातीवरच्या बॅजचं आणि खांद्यावरच्या टॅबचंही (छोट्या पट्टीचं) तसंच, कॉम्बॅट अ‍ॅक्शन बॅज (प्रत्यक्ष चकमकीत असल्याचा) २००५ला सुरू झाला, सॅपर टॅब (लढाऊ इंजिनिअरांची) २००४ला, म्हणजे हे चॉकलेट चिपवर दिसले तर विषय संपला, आणि तीन रंगांच्यावर दिसले तर शेवटच्या दोन-चार वर्षांतलं असलं पाहिजे. आणि मरीन, म्हणजे अमेरिकेचं आर्मीहून वेगळं दल. यू.एस. मरीन्सने खांद्यावरचे युनिट पॅच १९४७लाच बंद केले, त्यामुळे छातीवर मरीन्सची टेप आणि बाहीवर झकास डिव्हिजनचा पॅच असा शर्ट कितीही जुना दिसला तरी तो कुणीतरी सजवलेला आहे.

चला, आता टीप. इथे वेळ द्या, दुकानदाराला घाई असली तरी द्या.

बाही पूर्ण उलटी करा आणि पॅचच्या मागे आतल्या बाजूला बॉबिनचा (मशीनच्या खालच्या रिळाचा) धागा कसा दिसतो ते बघा. खरंच वापरलेल्या शर्टात हा धागा कापडात बसलेला असतो, घामाने आणि धुण्याने कापडाच्याच रंगाकडे झुकलेला, त्यावर आणि त्याच्या कडेला बारीक लव, गोळे साठलेले. नंतर शिवलेल्या नगात वरून सगळं मळकट केलेलं असतं पण आत धागा ताठ, चमकदार, कापडाच्या वर तरंगल्यासारखा. बनवणारे वरची बाजू जुनी करण्यात मेहनत घालतात, आतली बाजू विसरतात. बॉबिनमध्ये पांढरा धागा राहिलेला तर मी कितीतरी वेळा बघितलाय, वर मॅचिंग तपकिरी आणि आत शुभ्र पांढरा. पांढरा बॉबिन म्हणजे लगेच खोटं असं नाही, बेसवरचा टेलरही जो भरलेला असेल तोच वापरतो, पण तो पांढरा धागा वीस धुण्यांनंतर शुभ्र राहत नाही.

मग पॅचची एखादी कड नखाने हलकेच उचला, उसवायचं नाही, जितकी उचलली जाते तितकीच, आणि मोबाईलची टॉर्च मारून खालचं कापड बघा. पॅचखाली ऊन लागत नाही. त्यामुळे शर्ट जर विटलेला असेल तर पॅचखालचं कापड गडद, नव्यासारखं दिसायला पाहिजे आणि हा फरक अगदी पॅचच्या आकाराचा पाहिजे. बाहेर फिकट आणि आतही तितकंच फिकट म्हणजे शर्ट आधी विटला आणि पॅच नंतर आला. याहून भारी पुरावा दुसरा नाही. उलटही होतं, गोल पॅच लावलेला आहे आणि त्याच्या बाहेर चौकोनी गडद सावली दिसतेय, म्हणजे इथे आधी दुसरा पॅच होता. तो सैनिकाने स्वतःच युनिट बदलल्यावर बदललेला असू शकतो, हे सैन्यात रोजचं आहे, म्हणून सावली दिसली की फेकून देऊ नका, नवीन पॅचखालीही थोडी तरी वेगळी सावली आहे का ते बघा.

भोकं. जुन्या पॅचच्या टीपेची भोकं कापडात राहतात, खासकरून नायलॉन-कॉटन मिक्स कापडात, आणि तीन रंगांचा जाड युनिफॉर्म निम्मा नायलॉन निम्मा कॉटन असतो. शर्ट उजेडासमोर धरला की ठिपक्यांची रांग दिसते. या रांगेचा आकार काय, आत्ताच्या पॅचशी जुळतो का, की दोन रांगा आहेत? एकच पॅच दोनदा शिवला असेल तर भोकं साधारण त्याच आकारात दोन ओळींत दिसतात. कुठे कुठे ओळखू येणाऱ्या आकाराची रांग मिळते आणि आत्ता तिथे भलताच पॅच बसलेला असतो, तेव्हा मी तो जुना आकारच जास्त इंटरेस्टिंग मानतो.

चुण्या. पॅच आणि शर्ट वेगवेगळ्या कापडाचे, धुतल्यावर दोघं वेगळे आटतात, म्हणून बऱ्याच दिवस वापरलेल्या बाहीवर पॅचच्या भोवती बारीक चुण्या पडतात, इस्त्री केली तरी पूर्ण जात नाहीत. चुणी पॅचच्या कडेपासून कापडात पसरत जाते. पॅच सपाट पोस्टाच्या तिकिटासारखा बसलाय आणि शर्ट मात्र कोपरावर झिजलाय, ही जोडी जुळत नाही. कॉलरची कड, मनगटाची कड आणि पॅचची कड, तिघांची झीज एकमेकांना शोभली पाहिजे. खांद्याला रायफलचा पट्टा, बॅगचा पट्टा घासतो तिथे वरच्या कडेचा धागा आधी जातो, खालची कड चांगली राहते. सॅंडपेपरने घासलेला पॅच सगळीकडून सारखा घासलेला असतो, मध्यभागीसुद्धा, जिथे काही घासायचं कारणच नाही.

चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला माल वासावरून आणि डागावरून कळतो. चहाचा रंग धाग्यात आणि कापडात सारखा चढतो, टीपेच्या भोकांपाशी जास्त गडद होतो. खरा मळ तसा नसतो, तो उंचवट्यावर जास्त, खाचेत वेगळा, घामाचे पांढरट कडे काखेपाशी आणि कॉलरला, बाहीच्या मधोमध नाही. आणि एकाच जॅकेटवर सगळ्या पॅचना एकच धागा, एकच टाक्याची लांबी, एकच हात दिसला तर विचार करा. सैनिकाचं आयुष्य तसं चालत नाही, नेमटेप एकदा लागते, बढती झाली की रँक बदलते, कॉम्बॅट पॅच नंतर कधीतरी लागतो, प्रत्येक वेळी वेगळा टेलर. कधी कधी नवीन जॅकेट इश्यू झालं की सगळं एकदम शिवून घेतात, तेव्हा एकच धागा असणं ठीक आहे, पण मग तिथे सगळ्या पॅचची झीजही सारखीच पाहिजे.

पॅच स्वतः कसा बघायचा ते आता थोडक्यात. अमेरिकेत आर्मीच्या पॅचचं डिझाइन व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉर इथली इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्री बघते, त्यामुळे आकार, प्रमाण, अक्षरांची जागा ठरलेली असते. खऱ्या पॅचचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि तिथल्या तिथे ताडून बघा, ८२ एअरबोर्नच्या दोन 'A' अक्षरांची गोलाई, १०१ एअरबोर्नच्या गरुडाची चोच आणि जीभ, फर्स्ट कॅव्हलरीच्या घोड्याची मान, नकलेत इथेच गडबड होते. खऱ्या पॅचवर भरतकाम साधारणपणे गच्च असतं, नकलेत धागा वाचवायला पार्श्वभूमी भरत नाहीत, खालचं ट्विल कापड तसंच दिसतं. आपल्याकडे धारावी-गोवंडीकडच्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या कामाची सवय असेल तर मागची बाजू बघूनच कळतं, एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर उडी मारलेले धागे, मागे कडक बकरम किंवा इस्त्रीने चिकटवायचा चमकदार गोंद. इस्त्रीचा गोंद असलेला पॅच टीप मारून बसवलाय, हे मला कधीच आवडत नाही. कडेला जाड ओव्हरलॉक असतो, त्याची छोटी शेपटी मागे वळवलेली, हे डेझर्टच्या काळातल्या पॅचला अगदी नॉर्मल आहे, साठच्या दशकानंतर अमेरिकन पॅच असेच बनायला लागले. वेल्क्रोच्या बाबतीत, सैन्याने अधिकृतपणे वेल्क्रो २००५च्या डिजिटल युनिफॉर्मबरोबर आणला. तीन रंगांच्या शर्टावर काही जणांनी स्वतः वेल्क्रो शिवून घेतलेला असतो ते चालतं, पण चॉकलेट चिपवर वेल्क्रो म्हणजे नंतरचं काम.

यूव्ही टॉर्चबद्दल फार गैरसमज आहे. नोटा तपासायची टॉर्च घेऊन लोक बाजारात फिरतात आणि पॅच निळा-पांढरा चमकला की खोटा म्हणून टाकून देतात. ही टेस्ट महायुद्धाच्या काळातल्या सुती मालासाठी आहे. चमक येते ती ऑप्टिकल ब्राइटनरमुळे (कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून घालतात ते रसायन), आणि तो नव्वदच्या दशकात सिंथेटिक धाग्यात असायचा, शिवाय आपल्या घरच्या कपडे धुवायच्या पावडरमध्येही असतो, म्हणजे पूर्ण खरा शर्ट इथे कुणी एकदा बादलीत भिजवला की तो सगळाच चमकणार. डेझर्टच्या मालावर टॉर्चचा उपयोग वेगळा आहे. नग अंधारात धरा आणि तुलना करा, शर्ट चमकत नाही, पॅच चमकत नाही, फक्त शिवणीचा धागा लखलखतोय, तर तो धागा शेवटच्या धुण्यानंतर आलाय किंवा वेगळ्या जातीचा आहे. चार पॅचपैकी तिघांची टीप मंद आणि चौथ्याची लख्ख, तर तो चौथा नीट बघा.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो कारण यात चांगला माल लोक हातचा घालवतात. कच्चं, हाताने केलेलं, थोडं वाकडं भरतकाम म्हणजे नकली नव्हे. कुवेत, सौदी, बहारीन, कतार, इथल्या बाजारात आणि बेसच्या आसपास टेलरची दुकानं असायची आणि मशीनवर बसलेले कारागीर कितीतरी वेळा आपल्याच भागातले, भारत, पाकिस्तान, बांगलादेशचे असायचे. सैनिक आडनाव कागदावर लिहून द्यायचा आणि हा माणूस टेप भरून द्यायचा. म्हणून अक्षरं थोडी गोल, एखादं स्पेलिंग चुकलेलं, धागा आपल्याकडे मिळतो तसला, हे सगळं त्या काळाचं खरं काम असू शकतं. मला स्वतःला सरकारी फॅक्टरीच्या पॅचपेक्षा असे स्थानिक पॅच जास्त मोलाचे वाटतात, त्यात आपल्या माणसांचा हात आहे. अर्थात याचाच फायदा घेऊन विकणारे काहीही वाकडं दाखवून "कुवेत का काम है" म्हणतात, म्हणून परत तेच, टीप, सावली, भोकं, चुण्या. पॅच कुठे बनला यावर कितीही वाद घाला, तो या बाहीवर किती दिवस राहिलाय हे बाहीच सांगते.

आता आपल्या घरातला माल. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात चौथी इंडियन डिव्हिजन होती, काळ्यावर लाल गरुड हे तिचं चिन्ह, आणि पाचवी, काळ्यावर लाल गोळा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी एरिट्रियात केरेनला १९४१मध्ये लढल्या, १९४२ला लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हाही मराठा पलटण तिथे होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांतून आणि मग मुंबईत लालबाग-परळला आलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांतून अजून खाकी ड्रिलचे (जाड सुती कापडाचे) शर्ट निघतात. इथे नियम बदलतात. खाकी ड्रिल सतत धुवायला लागायची म्हणून चिन्हं बऱ्याचदा बाहीवर कायमची शिवायच्याऐवजी खांद्याच्या पट्टीवर सरकवता येतील अशी असायची, त्यामुळे बाहीवर टीप नाही म्हणून शर्ट नाकारू नका. पॅच फेल्टचे, सुती कापडावर भरलेले किंवा छापलेले, काही कैरोच्या बाजारात केलेले. कडेला जाड ओव्हरलॉक दिसला तर तो त्या काळचा नाही. इथे यूव्ही टॉर्च कामाची आहे, आणि सुटलेला धाग्याचा मिलीमीटरभर तुकडा मिळाला तर चिमट्यात धरून जाळून बघा, सुती धागा कागदासारखा वास देऊन राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. हे फक्त स्वतःच्या मालावर, दुकानात नाही. आणि कृपा करून आजोबांच्या शर्टाला शोभा यावी म्हणून ऑनलाइन मागवलेला लाल गरुड त्यावर शिवू नका. रिकामी बाही खरी आहे. चिन्ह दाखवायचंच असेल तर फ्रेममध्ये शर्टाशेजारी ठेवा.

कायद्याचं एक वाक्य. आपल्या सैन्याचा चालू युनिफॉर्म किंवा चिन्ह सैनिक असल्याचा समज व्हावा अशा हेतूने घालणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि २०२२ला आलेल्या नव्या डिजिटल पॅटर्नचे हक्क सैन्याने स्वतःकडे नोंदवून घेतलेत, तो बाजारात दिसला तरी हात लावू नका. परदेशी जुनं जॅकेटही कपाटासाठी घ्या, पॅचसकट घालून लोकलने किंवा एअरपोर्टला जाऊ नका.

घरी आणल्यावर लगेच धुवायचं नाही, धुतलं की मळ, वास, लव, सगळे पुरावे गेले. आधी आतून-बाहेरून फोटो काढा, कुठे कधी घेतलं ते कागदावर लिहून खिशात ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं तर बुरशी नक्की, जुन्या धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

आणि ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर हे फोटो मागा: लेबल वाचता येईल असं, दोन्ही बाह्या पूर्ण, प्रत्येक पॅच अगदी जवळून, प्रत्येक पॅचची एक कड उचलून, आणि प्रत्येक पॅचच्या मागची बाहीची आतली बाजू, सगळे दिवसाउजेडी खिडकीपाशी, फ्लॅश न मारता. खरं विकणारा कुरकुर करेल पण पाठवेल. बाकी सगळे आले आणि आतल्या बाजूचा फोटो तीनदा मागूनही आला नाही तर अ‍ॅडव्हान्स पाठवू नका.